गाडी लागेल, बसून घ्या

आमच्या समोर राहणाऱ्या भास्करनानांनी एकदा ब्राझीलमधल्या एका माणसाला बसून घ्यायला सांगितलं. मी तेव्हा त्यांच्याच ओट्यावर पोहे खात होते, म्हणून हे छातीठोकपणे सांगते. त्या माणसाने एक डिजिटल चलन देऊन दुसरं घ्यायला काढलं होतं. दिलेलं गेलं होतं आणि घ्यायचं ते अर्धा तास झाला तरी आलं नव्हतं. बिचाऱ्याने इंटरनेटवर मोठ्या अक्षरांत आकांत मांडला होता. नानांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि एका बोटाने एकेक अक्षर हुडकत इंग्रजीत लिहिलं, 'प्रिय प्रवासी, गाडी लागेल. बसून घ्या.'

दहा मिनिटांत त्याची गाडी लागली. त्याने नानांना जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. नाना म्हणाले, "पाहिलं ना बाई? माणूस उभा राहिला की घाबरतो. बसला की निम्मं काम झालं."

बाई म्हणजे मी. इथे अमळनेरात एका हायस्कुलात इंग्रजी शिकवते. नाना म्हणजे आमच्या बसस्टँडचे निवृत्त कंट्रोलर. एकतीस वर्षं ते चौकशीच्या खिडकीमागे बसले. चोपड्याची गाडी, धुळ्याची गाडी, लग्नसराईतल्या जादा गाड्या, सगळ्यांचं उत्तर त्या खिडकीतून आलं आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी 'गाडी लागेल, बसून घ्या' हे आलंच. घरात दूध उतू गेलं तरी ते तेच म्हणतात, असं त्यांच्या पत्नी कमलअक्का सांगतात.

आता हा माणूस ब्राझीलपर्यंत कसा पोहोचला? त्याला कारण सावद्याचे त्यांचे साडू. केळीचे व्यापारी. त्यांनी कोणाच्या तरी नादाने ते डिजिटल चलन घेतलं आणि अदलाबदल करताना ते मधेच कुठेतरी अडकलं. साडूंनी सवयीने नानांना फोन केला. नानांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण चौकशी आली आणि उत्तर दिलं नाही असं त्यांच्या हातून घडलेलं नाही. ही अदलाबदल कॉम्प्युटरांच्या ज्या जाळ्यावर होते, त्याच्या इंटरनेटवरच्या चर्चेत ते विचारायला गेले. उत्तर यायची वाट पाहत असताना खाली कोणीतरी तोच प्रश्न घेऊन रडताना दिसलं. नानांनी त्याला बसून घ्यायला सांगितलं. त्यानंतर आणखी एक आला. साडूंचं काम त्याच दिवशी झालं, नाना मात्र तिथेच खिडकी उघडून बसले.

मला त्यांनी हे जाळं समजावलं ते असं. "बाई, ही बिनकंडक्टरची गाडी आहे. मालक नाही, डेपो नाही, साहेब नाही. एक नाणं द्यायचं, दुसरं घ्यायचं, मधे बँक नाही की दलाल नाही. प्रवाशांनीच एकमेकांची तिकिटं तपासायची. जगभरातले कॉम्प्युटर एकच नोंद ठेवतात, एकाने खोटं लिहिलं तर बाकीचे ओरडतात." मी विचारलं, मग भांडणं कोण सोडवतं? "त्याच्यासाठीच तर चावडी," नाना म्हणाले. चावडी म्हणजे ती चर्चा. तिथे प्रत्येक बदलावर वाद होतो, मग मतदान. ज्याच्याकडे नाणी जास्त त्याचं मत जड, ही गोष्ट मात्र नानांना अजून पटलेली नाही. "आमच्या दूध सोसायटीतसुद्धा म्हशी मोजून मत देत नाहीत," असं त्यांनी एका जर्मन माणसाला लिहून कळवलं होतं. त्याने म्हशी म्हणजे काय ते विचारलं. नानांनी फोटो पाठवला.

या चावडीवर नवख्या माणसांच्या प्रश्नांसाठी एक वेगळी खोली आहे. नाना तिला फलाट क्रमांक एक म्हणतात. सकाळी नऊला अंघोळ, गंध, इस्त्रीचा शर्ट असं सगळं आटोपून ते ओट्यावर खुर्ची टाकतात आणि फलाट उघडतात. शर्टाची वरची गुंडी लावलेली. मी म्हटलं, नाना, तिथे तुम्हाला कोणी बघत नाही. ते म्हणाले, "मी बघतो ना."

त्यांच्या मागच्या भिंतीवर एक रंगवलेला फलक आहे. बसस्टँडचे फलक रंगवणाऱ्या पेंटरकडूनच करून घेतलेला, पिवळ्यावर काळी अक्षरं. लागोस, मनिला, साओ पावलो, इस्तंबूल, आणि समोर तिथली माणसं आपल्या घड्याळाप्रमाणे कधी जागी होतात त्या वेळा. एकदा रस्त्याने जाणाऱ्या एका आजोबांनी थांबून तो अख्खा फलक वाचला आणि विचारलं, "नाना, हाई मनिला गाडी धरणगाववरतून जास का?" नानांनी न हसता सांगितलं, "नही आबा, ती बाहेरून जास."

फलाटाचे नियम त्यांनी मला तोंडपाठ करायला लावलेत. आवाज चढवायचा नाही. एकच प्रश्न शंभर वेळा आला तरी शंभराव्याला पहिल्यासारखंच उत्तर द्यायचं. खिसेकापू ओळखायचा: "तो धक्काबुक्की करत नाही बाई, तो पिशवी धरायला येतो. तुमचे बारा शब्द सांगा, मी मदत करतो, असं म्हणणारा जो कोणी, तो खिसेकापू." आणि सगळ्यांत मोठा नियम, का विचारता हे विचारायचं नाही. कोणी वेळ विचारली तर वेळ सांगायची. माणूस सासरी चालला की दवाखान्यात, हा खिडकीचा विषय नाही.

त्यांचं इंग्रजी तपासायचं काम माझ्याकडे आहे. मी चुका दाखवते, ते मान डोलावतात आणि आपलं होतं तसंच पाठवतात. पहिल्या वेळी मी चिडले होते. आता त्या चावडीवर निम्मे लोक नानांसारखंच इंग्रजी लिहितात, त्यामुळे मला बोलायला जागा राहिलेली नाही.

कमलअक्कांना या सगळ्यात काडीचा रस नव्हता. निदान मी तरी तसंच समजत होते. त्या चौथी शिकलेल्या, पाचोऱ्याकडच्या, कामाला वाघ आणि बोलायला मोजक्या. रोज सकाळी अकराच्या सुमारास त्या स्वयंपाकघरातून एकच प्रश्न टाकत, "अहो, पाचोरानी गाडी कितला वाजता शे?" नाना फोन बाजूला ठेवत, घसा साफ करत आणि सांगत, "सव्वाअकरा. फलाट तीन." अक्का पाचोऱ्याला जात मात्र नसत. भाऊ मोटार घेऊन न्यायला आला तर वर्षातून एकदा. मी मनात म्हणायची, म्हातारीला विसर पडायला लागला.

आता त्या बारा शब्दांचं. त्या जाळ्यात आपण आपल्या फोनमधल्या पाकिटातून शिरतो. फोन गेला तर नव्या फोनवर पाकीट उघडायला मशीनने सुरुवातीला दिलेले बारा इंग्रजी शब्द लागतात, अगदी त्याच क्रमाने. शब्द हरवले की पाकीट गेलं, आणि चावडीवरचं आपलं नावही गेलं. दाद मागायला कोणी नाही, कारण मालकच नाही. हे शब्द फोनमध्ये ठेवायचे नाहीत, कोणाला सांगायचे नाहीत, बायकोलासुद्धा नाही. कागद भिजतो, जळतो, उंदीर खातात. बाहेरदेशी लोक म्हणे पोलादाच्या पट्टीवर ठोकून घेतात. नानांनी ते वाचलं, आणि आपल्या घरी पोलादावर अक्षरं कुठे घालतात हे त्यांना आपसूक आठवलं.

त्यांनी भांड्यांच्या दुकानातून स्टीलचे बारा छोटे डबे आणले. नाव घालणाऱ्याला बारा शब्द देवनागरीत लिहून दिले, एका डब्यावर एक, आणि बुडाला फलाटासारखा क्रमांक. मँगो, ब्रदर, अंकल, असे ते शब्द होते. चौथा बनाना. मशीनला आपण जळगाव जिल्ह्यातले आहोत हे कळलंच, असं नाना कौतुकाने म्हणाले. नाव घालणारा जुना माणूस, हात सवयीचा. तिसऱ्या डब्यावर त्याने 'श्री. अंकल यांजकडून सप्रेम भेट' असं घालून टाकलं. 'यांजकडून' हा शब्द धरायचा की नाही, याची नानांना कित्येक दिवस काळजी होती.

मग डबे स्वयंपाकघरातल्या मांडणीवर लागले. चोराला वाटेल मोहरी-जिऱ्याचे डबे आहेत. कल्पना उत्तम होती, फक्त ती आमच्या गल्लीत सुचली होती. आमच्याकडे भांडं घरात राहत नाही. लोणचं घातलं की चार घरी जातं, आणि आलेलं भांडं रिकामं परत करायचं नसतं. त्यात कुरडया जातात, तिथून शेवया येतात. भांड्यावर नाव घालतात ते अशा फिरतीतून ते आपल्या घरी परत यावं म्हणून, आणि नानांच्या डब्यांवर सगळं होतं पण त्यांचं नाव नव्हतं.

मे महिन्यात दोन गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. चावडीवर ठराव आला की नवख्यांची खोली बंद करावी. तेच तेच प्रश्न येतात, माणसांचा वेळ जातो, यंत्र बसवू, ते उत्तरं देईल. मतदानाआधीची चर्चा रविवारी संध्याकाळी सहाला संपणार होती. नानांनी दोन दिवस नुसता विचार केला, शुक्रवारी दुपारी बोलायचं ठरवलं, आणि कूलरमध्ये पाणी भरताना खिशातला फोन कूलरच्या टाकीत पडला.

फोन तांदळात ठेवला, उन्हात ठेवला. तो काही उठला नाही. साडूंनी शनिवारी सकाळी सावद्याहून नवा पाठवला. नाना स्वयंपाकघरात गेले, डबे खाली काढले आणि मोजले. अकरा होते. सात नंबर नव्हता, आणि त्याच्यावर काय होतं ते नानांना आठवत नव्हतं.

त्यांनी मला बोलावलं. ओट्यावर गुंडी न लावता बसलेले नाना मी पहिल्यांदा पाहिले. "बाई, पाकिटात काही मोठं नाही. गेलं तर गेलं. पण त्या नावाशिवाय चावडीवर बोलू देत नाहीत. नवीन नाव घेतलं तर म्हणतील, हा कोण कालचा? दोन वर्षं बसलोय मी तिथे. खिडकी बंद होताना मी नसणार."

अक्कांना विचारायचं नाही, हा नियम. म्हणून आम्ही दोघं गल्लीत निघालो. नाना घरात शिरत, नमस्कार करत आणि फळीवरचा प्रत्येक छोटा डबा उचलून त्याचं बूड बघत. सोबत मी नसते तर बायकांनी त्यांना दारातच अडवलं असतं. शिंपीकाकूंनी विचारलं, काय बघताय? नाना म्हणाले, "जोड तपासतोय. गळतात हल्ली." काकूंनी मग कौतुकाने घरातली सगळी भांडी आणून समोर ठेवली आणि तासभर आम्ही त्यांचे जोड तपासले.

शेवटी माग तिथेच लागला. काकूंना आठवलं, कैरीचं लोणचं आलेला एक बारका डबा होता, वर कोणाचंसं विलायती नाव होतं. कोणाचा ते कळेना, म्हणून त्यांनी शेवया भरून तो लेकीबरोबर धुळ्याला दिला. धुळ्याला फोन लावला. लेकीने तो देवळातल्या भंडाऱ्याला साखर घालून दिला होता आणि तिकडून आणलाच नव्हता. काय नाव होतं ते तिलाही आठवेना.

रविवारी दुपारी आम्ही नानांच्या स्वयंपाकघरात अकरा डब्यांसमोर बसलो होतो. साडेतीन वाजले होते. अक्का परातीत कणीक मळत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "दोन दिन व्हयनात, काय हुडकी ऱ्हायनात?"

मीच म्हटलं, "अक्का, सात नंबरचा डबा."

"तो पम्पकिनना? तो शिंपीनकडे गया."

नानांनी माझ्याकडे पाहिलं, मी नानांकडे. अक्कांनी कणकेचा गोळा उलटला आणि एका दमात म्हणाल्या, "मँगो, बिरादर, अंकल, बनाना, मंकी, किचन, पम्पकिन, अंबरेला, पझल, पोनी, गूज, वॅगन. रोज घासस ना मी त्या. क्रमानेच लावस फळीवर. हाऊ अंकल कोन, तेवढं माले अजून समजनं नही."

ज्या बारा शब्दांसाठी जगभर माणसं पोलाद ठोकतात, ते आमच्या गल्लीत कणीक मळत होते. नानांनी पटकन वरची गुंडी लावली. (ते शब्द नानांनी नंतर बदलले, म्हणून मी इथे छापते आहे. नवे कुठे घातलेत ते मला माहीत नाही. अक्कांना असणार.)

सहाला दहा कमी असताना त्यांनी चावडीवर लिहिलं. मला तपासायला दिलं तेव्हा त्यात चौदा चुका होत्या आणि मी एकीलाही हात लावला नाही. मराठीत सांगायचं तर ते असं होतं:

'प्रवासी बंधू-भगिनींनो, मी एकतीस वर्षं चौकशीच्या खिडकीवर होतो. वेळापत्रक माझ्या खिडकीच्या वरच रंगवलेलं होतं, मोठ्या अक्षरांत. वाचता येणारी माणसंसुद्धा ते वाचून मग मला विचारायची. पहिली काही वर्षं मला राग यायचा. मग कळलं, वेळ त्यांना माहीत असते. आपण निघालो आहोत हे एका माणसाला ठाऊक असावं, एवढंच त्यांना हवं असतं. यंत्र बसवा, ते वेळ बरोबर सांगेल. पण खिडकीमागे एक माणूस राहू द्या. पगार नको. मी बसतो.'

मी पंधरा वर्षं मुलांना निबंध शिकवते. असा निबंध मला लिहिता आला नसता. मला नानांचा अभिमान वाटला, आणि आपल्या गावाचाही वाटला, सरळ सांगते.

त्याखाली एकामागून एक उत्तरं येऊ लागली. लागोसची एक मुलगी, इस्तंबूलचा कोणी शिंपी, तो ब्राझीलवाला. प्रत्येकाने आपल्याला नानांनी कधी बसवलं होतं ते लिहिलं. जर्मन माणसाने तर म्हशीचा तोच फोटो लावला आणि खाली लिहिलं की आपली नाणी पुष्कळ आहेत आणि ती सगळी खिडकीच्या बाजूने. मतदानात यंत्र आलं, पण खोली राहिली, आणि तिचं नाव सगळ्यांनी मिळून फलाट क्रमांक एक असं ठेवलं. आमच्या गल्लीने चौकात खुर्च्या मांडून नानांना शाल-श्रीफळ दिलं. नेमकं काय केलं ते कोणालाच सांगता येईना, तेव्हा सूत्रसंचालकाने 'नानांनी अमळनेरचं नाव सातासमुद्रापार नेलं' यावर वेळ मारून नेली. नाना भाषणाला उठले, 'सगळ्यांनी बसून घ्या' म्हणाले आणि स्वतः बसले.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी मला आत चहाला बोलावलं. मी धीर करून विचारलं, "अक्का, तुम्ही रोज पाचोऱ्याची गाडी विचारता. जात तर नाही."

अक्कांनी गाळणी झटकली. "हे रिटायर व्हयनात ना, पहिला महिनाभर ओट्यावर नुसते बसेत. रस्त्यानं मानसं जायेत. कोनी काही इचारे नही. जेवन निम्मं व्हयनं. मंग मी इचाराले लागनू."

"पण आता तर सगळं जग विचारतं त्यांना."

"जग इचारस. घरनं मानूस नको का इचाराले?"

मी कप घेऊन बाहेर आले. नाना खुर्चीवर, फोन हातात, लागोस नुकतं जागं झालेलं. माझ्याने राहवलं नाही. मी हळूच म्हटलं, "नाना, अक्कांना पाचोऱ्याला जायचं नसतं, बरं का."

"माहीत आहे," नाना म्हणाले. "पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ती गाडीसुद्धा बंद होऊन चार वर्षं झाली."

"मग तुम्ही कधी काही बोलला नाहीत?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. वर्गाला दांडी मारलेल्या मुलीकडे मी बघते, तसंच. "बाई, नियम काय आहे? का विचारता ते विचारायचं नाही."

तेवढ्यात आतून आवाज आला. "अहो, पाचोरानी गाडी कितला वाजता शे?"

नानांनी लागोसला बाजूला ठेवलं. घसा साफ केला. "सव्वाअकरा," ते म्हणाले. "फलाट तीन. गाडी लागेल, बसून घ्या."

अक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांच्या शेजारी ओट्यावर बसल्या.